मारुतरावांचा गुरुवार

आमच्या कुरुळीत पूर्वी गुरुवारला काही विशेष मान नव्हता. दत्ताचा वार, उपासवाल्यांनी उपास करावा, बाकीच्यांनी नांगर धरावा, एवढंच. मग शेतांत कंपन्या उगवल्या. सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी दिली तर विजेचा मेळ बसेना, म्हणून एकेका भागाला एकेक वार वाटून दिला आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. बघता बघता गुरुवार हाच आमचा रविवार झाला. न्हाव्याकडं रांग गुरुवारी, दोऱ्या धुण्यानं वाकलेल्या गुरुवारी, पोरगी बघायचा कार्यक्रम गुरुवारी. माझ्या चाळीतल्या एका भाडेकरूनं तर लग्न ठरल्यावर भटजींना बजावलं होतं, "मुहूर्त कसला बी काढा गुरुजी, पण गुरुवारचा काढा. बाकीच्या वारी माझ्याकडचं माणूस यायचं न्हाई." भटजींनी पंचांग पुष्कळ उलटंपालटं केलं. शेवटी गुरुवारच निघाला. संसार उत्तम चालू आहे.

तर असा हा गुरुवार, आणि त्यात जन्मभर अडकलेले आमचे मारुतराव.

मारुतराव माझ्याकडं खोली मागायला आले तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या. लातूरकडचा माणूस, अंगानं काटकुळा, काखेत वळकटी. माझी चाळ तेव्हा नवी होती आणि मला तिचा भारी अभिमान. गावच्या शाळेत आम्हाला आरोग्याचा धडा होता, घरात सूर्यप्रकाश भरपूर यावा म्हणून. तो मी खोल्या बांधताना आठवणीनं पाळला होता. मारुतरावांना खोली उघडून दाखवली आणि म्हणालो, "ही बघा खिडकी. दुपारपासनं दिवस मावळंस्तवर ऊन हटत न्हाई."

त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "मालक, ऊन येत नाही अशी एखादी नाही का?"

मला वाटलं, गडी जरा हलकाच दिसतोय डोक्यानं. आमच्या हिला तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी कळलं. कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपला रात्रपाळी, झोपायचं ते दिवसा. त्यांनी कंपनीतून पॅकिंगचा जाड पुठ्ठा आणला, खिडकीच्या मापानं कापला आणि चिकटपट्टीनं पक्का बसवला. माझा आरोग्याचा धडा तिथंच संपला. पुढं यशोदावहिनी आल्या, तीन लेकरं झाली, ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, पण तो पुठ्ठा काही निघाला नाही.

मालकाचा आबा कधी झालो ते आठवत नाही. पण संध्याकाळी माझ्या ओट्यावर मारुतराव आणि मी बसायचो, ती सवय अजून आहे. मी बोलायचं, त्यांनी ऐकायचं. असा ऐकणारा मिळायला नशीब लागतं. माझ्या नातवंडांना मी गोष्ट सुरू केली की "आबा, ही झाली सांगून" म्हणतात. मारुतराव झालेली गोष्टही नव्यानं ऐकतात. प्रेसच्या आवाजानं एक कान गेलाय हेही खरं, पण मी त्यांच्या चांगल्या कानाकडं बसतो.

एकदाच ते आपणहून बोलले होते. स्वरूपाच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. मांडवात ती हिरवा चुडा भरून उभी होती. मारुतराव तिच्याकडं बघत माझ्या कानाशी म्हणाले, "आबा, एवढी उंच कधी झाली हो ही?"

"म्हंजी काय? तुमच्याच घरात वाढली न्हवं?"

"वाढली की. पण मी बघितली ती झोपलेली. पहाटेच्या पाळीला निघालो तर लेकरं झोपलेली. दुसऱ्या पाळीहून आलो तर लेकरं झोपलेली. रात्रपाळी असली तर लेकरं शाळेत अन् मी झोपलेला. माझी लेकरं मी उभी कमी अन् आडवी जास्त बघितली. ती वाढली ती लांबीनं. उंचीनं कधी वाढली ते मला ठाऊकच नाही."

असं म्हणून ते हसले. मीही हसलो. मांडवात हसायचं नाही तर कुठं.

आणि गुरुवार? गुरुवारी मारुतराव घरी, तर पोरांना शाळा. रविवारी पोरं घरी, तर मारुतराव प्रेसवर. त्यात गुरुवार हा यशोदावहिनींचा उपासाचा वार, म्हणजे सुट्टीच्या दिवशी घरात मटण शिजायची सोय नाही. पोरं लहान असताना म्हणायची, अण्णा, आपण सगळे मिळून कुठंतरी जाऊ. मारुतराव म्हणायचे, जाऊ की, पुढच्या गुरुवारी. हे इतक्यांदा झालं की स्वरूपानं त्याची म्हणच केली. चाळीत कुणी विचारलं, अगं, तुझ्या सायकलचं पंक्चर कधी काढणार? तर ही म्हणायची, पुढच्या गुरुवारी. म्हणजे कधीच नाही. सगळी चाळ खो खो हसायची, मारुतरावसुद्धा.

निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी हारासकट घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर खिडकीचा पुठ्ठा काढला. यशोदावहिनी कणीक मळत होत्या. ऊन एकदम त्यांच्या अंगावर आलं. त्या डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "अगं बाई, घरात एवढी धूळ होती!" पुठ्ठा मारुतरावांनी कपाटामागं ठेवला, टाकून दिला नाही. ते ऊन वहिनींना फार दिवस लाभलं नाही. पुढचा उन्हाळा त्यांनी बघितला नाही.

तोवर पोरं आपापल्या ठिकाणी गेली होती. थोरला नवनाथ तळेगावच्या एका कंपनीत, तिकडंच फ्लॅट. धाकटा ज्ञानेश हिंजवडीला कॉम्प्युटरवर. स्वरूपा रावेतला. सगळी पोरं गुणाची, फोन करणारी. ज्ञानेशनं तर बापाला घरी नेलंही होतं. महिन्याच्या आत मारुतराव वळकटी घेऊन परत.

"का हो?" मी विचारलं.

"आबा, दोघं कामाला, पोरगं पाळणाघरात. दिवसभर घरात मी अन् फ्रिज. तो तरी मधनंमधनं गुरगुरतो."

मला हसू आवरेना. ही एक गोष्ट मी पुढं गावभर सांगितली. त्या माणसाला आपल्या बोलण्यातली गंमत कळत नाही, हीच गंमत.

आता मूळ मुद्दा. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. चाकणच्या तळेगाव चौकात एक भला मोठा फलक लागला. मौजनगरी! डोंगराच्या पायथ्याला नवीन निघालेली बाग, आभाळात फिरणारी चक्रं, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि फलकावर एक कुटुंब, आजोबा धरून सगळ्यांचे दात दिसतायत. त्या चौकात कंटेनरांच्या रांगेत बस अडकली की बघण्यासारखं दुसरं काही नसतं. मारुतरावांनी तो फलक पुष्कळ बघितला असणार. एका संध्याकाळी ओट्यावर माझी गोष्ट अर्ध्यात तोडून, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं, ते म्हणाले, "आबा, सगळ्यांना घेऊन जायचं म्हणतो. तिघं लेकरं, सुना, जावई, नातवंडं. एक दिवस. सगळे जागे."

सगळे जागे. तेवढंच त्यांना पाहिजे होतं. चक्राबिक्रात त्यांना काडीचा रस नव्हता, उंचावर गेलं की त्यांना गरगरतं.

"मंग जावा की! त्यात काय," मी म्हणालो, आणि आमच्या जत्रेतला पाळणा सांगायला घेतला. भैरू पाळणेवाला यायचा, चार लाकडी खोकी, तो स्वतः हातानं ढकलायचा. ओंजळभर बाजरी दिली की बसा. मी एकदा वरून खाली बघितलं आणि सकाळची भाकरी थेट पाटलांच्या फेट्यावर. तरी भैरूनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत बसवलं.

मौजनगरीत तसं नव्हतं. तिथं गेटवर तिकीटच मिळत नाही. आधी नोंदणी, तीही मोबाइलवर. म्हणून आम्ही दोघं दीपमालाच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दीपमाला आमच्याच आळीची सून, आधारकार्डापासून वीजबिलापर्यंत अख्ख्या कुरुळीचं काम तीच करते. तिनं नियम वाचून दाखवले. प्रत्येकाचं नाव पाहिजे. प्रत्येकाचा आधार नंबर पाहिजे. एकाच्या नावावर दुसरा चालणार नाही. तारीख एकदा घेतली की बदलणार नाही. बाहेरचं खाणं आत नाही. एकदा बाहेर पडलं की परत आत नाही. आणि दुपारी तीननंतर आत सोडणार नाहीत.

"कंपनीसारखंच हाय की," मारुतराव खुश होऊन म्हणाले. नियम असले की त्यांना बरं वाटतं.

आधार नंबरांसाठी त्यांनी तिघांना फोन लावले. म्हणाले, सगळे मिळून फिरायला जायचंय. तिघंही म्हणाले, हो अण्णा, जाऊ की. नंबर तर तासाभरात सगळ्यांचे आले, अगदी फोटोसकट. कधी जायचं, कुठं जायचं, ते मात्र कुणी विचारलं नाही. कामाच्या गडबडीत असतात बिचारे.

"काका, आता मुलांची उंची सांगा," दीपमाला म्हणाली. "पाळण्यांसाठी लागते."

मारुतराव विचारात पडले. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि आडवे पसरले. "थोरला नातू एवढा हाय बघ. अन् स्वरूपाची एवढी."

"अहो काका, मासा मोजताय का?" दीपमाला हसून लोळायची राहिली. "उंची हो, उंची! असा हात वर करून दाखवा."

मारुतरावांनी हात आखडून घेतले. नातवंडं यायची ती मुक्कामाला, रात्री यायची, सकाळी जायची. ते बघून मला एकदम मांडवातलं बोलणं आठवलं, पण दीपमालाला ते सांगायला गेलो असतो तर संध्याकाळ झाली असती. तिनं अंदाजानं आकडे टाकले आणि तारखा उघडल्या.

"रविवार सगळे भरलेत," ती म्हणाली. "लांबपर्यंत भरलेत. शनिवारही. पण गुरुवार बघा, सगळाच्या सगळा मोकळा!"

मारुतरावांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "मोकळा? गुरुवार?"

"हो की. एकपण माणूस नाही."

"आबा, ऐकलंत का? ह्या लोकांना कळतच नाही! ऐन सुट्टीचा वार मोकळा ठेवलाय!"

मीही मांडी थोपटली. "घ्या, घ्या राव! दुसरा कुणी घ्यायच्या आत घ्या."

दीपमालानं बटणावरचं बोट उचललं. "पोरांच्या शाळेचं काय पण?"

"एक दिवस शाळा बुडाली तर काय कलेक्टर व्हायचं राहतंय?" मी म्हणालो. तिलाही पटलं. तिच्या दुकानात गुरुवारीच जत्रा असते, सगळा कामगार त्याच दिवशी मोकळा. आम्ही तिघंही ह्याच पट्ट्यातली माणसं. गुरुवारी सगळं जग घरी असतं, ह्यात शंका घ्यायचं आमच्या मनातसुद्धा आलं नाही. तिनं बटण दाबलं. टिंग करून आवाज झाला. मारुतरावांनी दुकानातल्या सगळ्यांना पेढे आणून वाटले.

संध्याकाळी त्यांनी ओट्यावरूनच फोन लावले, ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा करून. त्यामुळं पलीकडचं मलाही ऐकू आलं.

पहिला ज्ञानेश. "गुरुवार? अण्णा, गुरुवारी कुणाला सुट्टी असते?"

मारुतराव म्हणाले, "म्हणजे? गुरुवारीच तर असते की रे."

"अहो, ते तुमच्या वेळी. मला शनिवार-रविवार. त्यात त्या आठवड्यात आमचं काम परदेशी द्यायचंय, कुणालाच रजा नाही. आधी विचारायचं ना, अण्णा."

"बदलत नाही म्हणे तारीख."

"बघतो मी," ज्ञानेश म्हणाला.

मग स्वरूपा. तिच्या मुलीची त्या दिवशी तोंडी परीक्षा. "अण्णा, तुम्ही पण ना! खरंच पुढचा गुरुवार काढलात!" आणि ती हसली. मग हसायची थांबली. "बघते हं मी. बाईंना विचारून बघते."

मग नवनाथ. तो मशीनवरच होता, मागं धाडधाड आवाज. "अण्णा, आमच्या कंपनीला गुरुवार नसतो. रविवार असतो. त्या हप्त्यात माझी पहिली शिफ्ट हाय. कुणी बदली करतंय का बघतो."

मारुतरावांनी फोन खाली ठेवला. मी गप्प बसलेला चाळीतल्या लोकांनी पहिल्यांदाच बघितला असेल, एक जण तब्येत विचारून गेला.

"आबा," मारुतराव म्हणाले, "आमचा सुपरवायझर रजा मागितली की कधी नाही म्हणायचा नाही. बघतो म्हणायचा."

दुसरा एखादा बाप असता तर चिडला असता. चार शब्द सुनावले असते, तुमच्यासाठी मी हाडं झिजवली वगैरे. मारुतरावांना ते जमेना. रजा मागायला साहेबापुढं उभं राहणं काय असतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? उलट चार दिवसांनी त्यांनीच आधी ज्ञानेशला आणि मग स्वरूपाला फोन केला. "रजेसाठी कुणाच्या पाया पडू नका. लेकीची परीक्षा बुडवू नका. मी जाऊन येतो, तुम्हाला फोटो पाठवतो." नवनाथला तेवढा फोन केला नाही. त्याला बदली मिळेल असं त्यांना वाटत असावं. मलाही तेच वाटत होतं. नवनाथची बायको पोरांना घेऊन माहेरी लग्नाला जाणार होती, ती येणार नाही हे कळलंच होतं. पण नवनाथ तरी.

आदल्या संध्याकाळी नवनाथचा निरोप आला. बदली करणारा गडी आजारी पडला.

"मंग आता?" मी विचारलं.

"नाव टाकलंय. जावं तर लागंल," मारुतराव म्हणाले. जणू गैरहजेरी लागणार होती.

सकाळी बघतो तर त्यांच्या खोलीतून खमंग वास. मारुतराव धपाटे भाजत होते. वहिनी गेल्यावर शिकले, आणि खोटं कशाला सांगू, वहिनींपेक्षा बरे करतात. चळत बघून मी म्हणालो, "एवढं कुणाला?"

"लागतात," ते म्हणाले.

मग मीही टोपी घातली. हा माणूस एकटा जाणार आणि मी ओट्यावर बसून कुणाला गोष्टी सांगणार? "गेटपातुर येतो," म्हणालो. चाकणला आलो, तळेगावची बस धरली, रस्ताभर कंटेनरच कंटेनर. तो दात दाखवणाऱ्या कुटुंबाचा फलक आला तेव्हा मारुतराव दुसरीकडं बघत होते. मी त्यांना भैरूच्या पाळण्याची गोष्ट परत सांगितली. त्यांनी ती नव्यानं ऐकली.

मौजनगरी म्हणाल तर बघण्यासारखी आहे. रंग तरी किती! पण माणूस नाही. गाडीतळ मोकळा, रांगेच्या लोखंडी वाटा मोकळ्या, आत ते आभाळाएवढं चक्र रिकामंच फिरतंय. गेटवर निळ्या शर्टातली एक मुलगी आणि एक रखवालदार.

"मला बी एक तिकीट द्या ताई," मी म्हणालो. "हे एकटंच हायेत."

"बाबा, गेटवर मिळत नाही. ऑनलाइन करावं लागतं."

"करा की मंग."

"आजचं कालच बंद झालं."

"अवो पण आत तर कुत्रं न्हाई!"

"सिस्टीममध्ये नाव नाही ना, बाबा," ती मुलगी म्हणाली. ती वाईट नव्हती. तिनं मारुतरावांच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधली आणि पडद्यावर बघून विचारलं, "तुमच्या नोंदणीवर बरेच जण दिसतायत. बाकीचे?"

"मागनं यायलेत," मारुतराव म्हणाले.

रखवालदारानं पिशवी तपासली आणि डबा बाहेर काढला. बाहेरचं खाणं आत नाही. तो डबा मारुतरावांनी माझ्या हातात दिला, शर्टाची गुंडी वरपर्यंत लावली आणि आत गेले.

मी बाहेर कठड्यावर बसलो. मला वाटलं होतं, आता हे फिरतील, पाणी बघतील, चक्र बघतील. ते गेले किती? गेटच्या आत पहिलं जे बाकडं होतं तिथवर. तिथं बसले. तिथून रस्ता दिसतो. मी जाळीतून ओरडून म्हटलं, "अवो मारुतराव, फिरून या की!" त्यांनी हात केला. बसतो थोडं, असा. मग कुणीतरी मोटारसायकलवरून आलं की ते मान वर करायचे. येणारे बहुतेक आतल्या हॉटेलातले कामगारच होते.

ऊन चढलं. एक शाळेची सहल आली, तेवढीच थोडी किलबिल झाली. मास्तर पोरांची उंची एका पट्टीशी मोजत होते आणि मारुतराव बाकड्यावरून ते मन लावून बघत होते. जेवणवेळ झाली. ते जाळीपाशी आले.

"आबा, तुम्ही खाऊन घ्या."

"तुमी?"

"मी आत खाल्लं."

आत त्यांनी काही खाल्लं नव्हतं, मी बघतच होतो. मी जाळीतून एक धपाटा सरकवला. रखवालदारानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा परत दिला. एका बाजूला ते, एका बाजूला मी. तुरुंगातल्या माणसाला भेटायला आल्यासारखं वाटत होतं, पण आत कोण आणि बाहेर कोण ते मला ठरवता येईना.

तीन वाजले. निळ्या शर्टातल्या मुलीनं साखळी लावली. थोड्या वेळानं रस्त्यावर एक मोटारसायकल दिसली. कंपनीचा राखी युनिफॉर्म, छातीवर ओळखपत्र तसंच लोंबतंय, पायात पुढं लोखंड असलेले बूट. नवनाथ! पाळी सुटल्यावर गणवेश बदलायलाही थांबला नव्हता. गाडी लावून तो धावत गेटवर आला, खिशातून आधारकार्ड काढलं.

"माझं नाव हाय बघा! नवनाथ मारुती!"

"नाव आहे सर," ती मुलगी म्हणाली. "पण एंट्री बंद झाली."

"अहो आत्ताच झाली की! माझे वडील आत हायेत."

"सिस्टीमच घेत नाही सर."

मारुतराव साखळीपर्यंत आले होते. मधे चार पावलांचं अंतर आणि एक साखळी. पण ते हसत होते. दिवसभरात पहिल्यांदा.

"काका, बाहेर गेलात तर परत आत नाही येता येणार," मुलीनं बजावलं. "तुमचं तिकीट संपेल."

त्यांनी तिचं पुरतं ऐकलंसुद्धा नाही. साखळीखालून वाकून बाहेर आले.

"अण्णा, काय काय बघितलं?" नवनाथनं विचारलं.

"सगळं बघितलं. लई भारी हाय," मारुतराव म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. मला गोष्टी सांगता येतात तशा कधीकधी राखताही येतात.

कठड्यावर बसून आम्ही डबा उघडला. नवनाथ पहाटेपासून उपाशी असल्यासारखा खात होता. मारुतराव त्याच्याकडं बघत होते, त्याचे हात, कानाजवळचे पिकलेले केस. "तुझा बी कान जायलाय का रे?" त्यांनी विचारलं. "नाही अण्णा, आम्हाला कानात घालायला देतात." "घालत जा." "घालतो." एवढंच बोलणं. पण मारुतराव असे बसले होते जसं काही फार मोठा कार्यक्रम चाललाय. मला वाटलं, झालं बुवा. सगळे नाहीत, पण एक तरी जागा मिळाला. तेवढ्यात नवनाथनं एक मोठी जांभई दिली.

परत जाताना तो म्हणाला, "बसा आबा मागं, तिघं जाऊ. तुम्हा दोघांचं मिळून एकाचंच वजन भरतंय." अशी आमची वरात कुरुळीत आली. चौकात पोलिसानं बघितलं, दोन म्हातारे आणि एक युनिफॉर्मवाला, आणि तोंड फिरवलं.

मला वाटलं होतं, आता ओट्यावर बैठक जमेल. नवनाथला लहानपणी तो माझ्या म्हशीच्या पाठीवर कसा झोपला होता ते मी सांगणार होतो. आमच्या हिनं चहाही टाकला. पण नवनाथ म्हणाला, "अण्णा, पाच मिनिटं पडतो. पहाटे परत ड्यूटी हाय. मग बोलू."

चहा घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो. नवनाथ वहिनींच्या जुन्या सतरंजीवर आडवा झाला होता, बुटांसकट. घोरत होता. पश्चिमेची खिडकी, दिवस कलतीला आलेला, ऊन सरळ त्याच्या तोंडावर. मारुतरावांनी कपाटामागून तो पुठ्ठा काढला होता. चिकटपट्टी केव्हाच सुकून गेलेली, बसेना. म्हणून ते दोन्ही हातांनी पुठ्ठा खिडकीला दाबून धरून उभे होते. मनगटावर ती पिवळी पट्टी.

"मारुतराव, हात भरून येतील," मी हळूच म्हणालो. "द्या, मी धरतो थोडं."

"राहू द्या आबा," ते म्हणाले. मान वळवून ते सतरंजीकडं बघत होते. "किती लांब झालाय बघा."

मी चहा उंबऱ्यावर ठेवला आणि बाहेर आलो. दिवस मावळेपर्यंत ती खिडकी बंद होती.